घरच्या मेश वाय-फायमध्ये रोमिंग का अडतं: प्रकल्प नोंदी

रोमिंग म्हणजे चालताना उपकरणाने वाय-फायचा एक नोड सोडून दुसरा धरणं. मांडणी. नोड (घरभर एकच वाय-फाय पसरवणारे डबे) तीन. ‘क’ तळमजल्यावर पुढच्या खोलीत, मोडेमला जोडलेला. ‘ख’ तळमजल्यावर मागे, ‘क’शी बिनतारी मेशने जोडलेला. ‘ग’ वरच्या मजल्यावर, ‘क’पासून केबलने. तिन्हींवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली), प्रत्येकात दोन रेडिओ: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच.

२ मार्च: तक्रारी वेगळ्या करणं

‘वाय-फाय नीट चालत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी निघाली. ती वेगळी ठेवली नाहीत तर एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं.

१. व्हिडिओ कॉल चालू ठेवून जिना चढला की आवाज तुटतो. आपल्याला समोरचा ऐकू येतो, पण समोरच्याला आपण तुटक ऐकू येतो.
२. लॅपटॉप वर नेला की कधीकधी ‘जोडलेलं आहे, इंटरनेट नाही’ असं दाखवतो. वाय-फाय बंद करून चालू केलं की ठीक होतो.
३. मागच्या दाराचा कॅमेरा ‘ख’पासून चार पावलांवर आहे, तरी तो ‘ग’ला चिकटलेला असतो.

सेटिंगला हात लावायच्या आधी दोन कामं केली. पहिलं, सहाही रेडिओंचे बीएसएसआयडी (रेडिओची ओळख सांगणारे पत्ते; तीन नोड, प्रत्येकी दोन बँड) कागदावर उतरवले आणि कागद भिंतीला चिकटवला. हा कागद नसेल तर ‘फोन आत्ता कुठे आहे’ या प्रश्नाचं उत्तर अंदाजानेच द्यावं लागतं. दुसरं, चाचणीच्या चारही उपकरणांचे मॅक पत्ते (नेटवर्कवरची उपकरणाची ओळख) लिहिले. फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला मॅक देतो, त्यामुळे डब्याच्या मागे छापलेला पत्ता नोडच्या लॉगमध्ये सापडत नाही. मॅकमधलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता बनवलेला आहे. चाचणी संपेपर्यंत या नेटवर्कपुरता तो बदलता राहणार नाही एवढं पाहिलं.

चालण्याची चाचणी ठरवली: उपकरण छातीच्या उंचीवर, वेग रोजचा, पुढची खोली ते वरची मागची खोली आणि परत. पाच फेऱ्या. सोबत ‘क’च्या पत्त्यावर दर ०.२ सेकंदाला पिंग (उत्तर मागणारं छोटं पाकीट). पिंग बाहेरच्या सर्व्हरला लावू नये, कारण बाहेरच्या लाइनचा दोष रोमिंगच्या खात्यात जमा होतो.

सुरुवातीचं चित्र: लॅपटॉपच्या पाच फेऱ्यांत पिंग दोनदा पूर्ण थांबलं आणि परत आलंच नाही. फोन पाचही वेळा वर जाऊनही ‘क’वरच.

३ मार्च: आधी पत्ता, मग रोमिंग

लॅपटॉपचं कोडं वीस मिनिटांत सुटलं, आणि ते रोमिंगचं नव्हतंच. ‘क’जवळ लॅपटॉपला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, ‘ग’जवळ नव्याने जोडला तर १९२.१६८.२ ने सुरू होणारा. म्हणजे ‘ग’ राउटर म्हणूनच चालू होता: केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या लाइनसाठीच्या) पोर्टमध्ये, आत स्वतःचा डीएचसीपी (पत्ते वाटणारा), स्वतःचं नॅट (आतलं जाळं बाहेरच्यापासून वेगळं ठेवणारं).

नाव आणि पासवर्ड तेच असल्यामुळे लॅपटॉप ‘ग’वर गेला तरी नेटवर्क तेच आहे असं धरून चालतो. जुना पत्ता आणि जुना गेटवे (इंटरनेटकडे जायचं दार) घेऊन बसतो. तो गेटवे ‘ग’च्या पलीकडे नॅटच्या भिंतीआड गेलेला असतो. नव्याने पत्ता मागितला तर काम चालतं, म्हणूनच बंद-चालू केलं की ‘बरं’ होतं.

केलेले बदल:
- ‘ग’वरचा डीएचसीपी बंद, आयपीव्ही६ (नव्या प्रकारचे पत्ते) ची राउटर जाहिरात आणि डीएचसीपीव्ही६ सुद्धा बंद. दुसरं लोक विसरतात, आणि मग आयपीव्ही४ ठीक पण अर्धी ॲप्स अडकलेली असं चमत्कारिक चित्र दिसतं.
- ‘ग’चा लॅन (घरातल्या जाळ्यातला) पत्ता १९२.१६८.१.३ केला, डीएचसीपीच्या वाटपाच्या बाहेरचा.
- केबल वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये.
- ‘ख’ तपासला. तो आधीपासून ब्रिज (पत्ते न वाटता पाकिटं नुसती पुढे देणारा) म्हणूनच होता.

पडताळणी: प्रत्येक नोडजवळ वाय-फाय विसरून पुन्हा जोडलं. तिन्ही ठिकाणी तोच पत्ता, तोच गेटवे. यानंतर तक्रार क्रमांक २ परत आली नाही. रोमिंगच्या नावाने ओरड असेल तर पहिली दहा मिनिटं डीएचसीपी सर्व्हर मोजण्यात घालवावीत. उत्तर एकापेक्षा जास्त आलं तर बाकी काही बघूच नये.

५ मार्च: चॅनल

स्वयंचलित निवडीने ५ गिगाहर्ट्झवर ‘क’ आणि ‘ख’ला ३६ दिलं होतं (बिनतारी बॅकहॉल, म्हणजे नोडांमधला दुवा, त्याच रेडिओवर, त्यामुळे दोघांना एकच चॅनल हवं), ‘ग’ला १००, रुंदी ८० मेगाहर्ट्झ.

अडचण १०० मध्ये आहे. हे चॅनल रडारसोबत वाटून घ्यावं लागतं. नोड चालू झाला की प्रक्षेपणाआधी त्याला किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं, आणि रडार दिसलं तर चॅनल सोडून ३० मिनिटं तिथे परतता येत नाही. रोमिंगसाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट फोनच्या बाजूची आहे. साध्या चॅनलवर फोन ‘कोण आहे?’ असं विचारतो आणि काही मिलिसेकंदांत उत्तर घेतो. रडारच्या चॅनलवर त्याला आधी बोलायची मुभा नाही, नोडचा बीकन (‘मी इथे आहे’ अशी हाक) येईपर्यंत थांबावं लागतं. बीकन साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. तेवढा वेळ चालू कॉलचा डेटा अडून राहतो, म्हणून बरीच उपकरणं अशी चॅनलं कमी वेळा चाळतात. वरचा नोड शेजारी असूनही फोनला तो ‘दिसत’ नाही याचं एक कारण हे.

नवी वाटणी: ‘क’ आणि ‘ख’ ३६ वर, ‘ग’ ४४ वर, रुंदी ४० मेगाहर्ट्झ. २.४ वर ‘क’ १, ‘ख’ ६, ‘ग’ ११, रुंदी २०. ८० वरून ४० वर आल्याने जवळून मोजलेला कमाल वेग घटला. घटू दे. कॉल न तुटणं हे या कामाचं माप आहे.

चॅनल बदलल्यावर फोनचा शोध लवकर लागतो, पण तो अजूनही ‘क’ सोडत नाही.

७ मार्च: आवाज कमी करणं

मुद्दा मुळातून. कोणता नोड धरायचा, कधी सोडायचा, हे उपकरण ठरवतं. नोड फार तर सुचवू शकतो. त्यामुळे आपल्या हातात एकच गोष्ट उरते: उपकरणाला काय ऐकू येईल ते बदलणं.

ॲपलने आयफोनचा हिशेब जाहीर केलेला आहे. हातातला सिग्नल -७० डीबीएमच्या (सिग्नलचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, सिग्नल तितका जोरात) खाली गेल्याशिवाय फोन दुसरा नोड शोधायला लागत नाही. शोधल्यावरही नवा नोड डेटा चालू असताना ८ डीबीने आणि निवांत असताना १२ डीबीने सरस असेल तरच जातो. ॲपलच्या मॅक संगणकांत उंबरठा -७५ आणि फरक १२. अँड्रॉइडमध्ये हे आकडे फोन बनवणाऱ्यागणिक बदलतात.

आता जिन्याच्या वरच्या टोकाची मोजणी, ‘क’ पूर्ण शक्तीवर म्हणजे २३ डीबीएमवर:
- तिथे ‘क’चा सिग्नल -६६
- तिथे ‘ग’चा सिग्नल -४५
- ‘क’ला ऐकू येणारा फोनचा सिग्नल -७५

(नोडच्या बाजूचा आकडा जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मिळतो. आयफोनवरचा आकडा एअरपोर्ट युटिलिटी ॲपच्या स्कॅनरमध्ये. तो स्कॅनर सेटिंगमधून आधी चालू करावा लागतो.)

-६६ म्हणजे फोनच्या नियमाने सगळं छान आहे. ‘ग’ २१ डीबीने सरस आहे, पण उंबरठाच ओलांडला गेला नाही म्हणून फोन त्याच्याकडे बघतही नाही. याला हट्टी फोन म्हणतात, पण बिचारा नियमाने वागतोय. आणि पहिल्या तक्रारीचं कोडंही इथेच सुटतं. नोड २३ डीबीएमने ओरडतो, फोन त्यापेक्षा बराच हळू बोलतो. फोनला नोड स्पष्ट ऐकू येतो, पण नोडला फोन ९ डीबीने कमी. जाणारी पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात, म्हणून समोरच्यालाच आपला आवाज तुटका येतो.

‘क’ची ५ गिगाहर्ट्झची शक्ती २३ वरून १७ केली. त्याच जागी फोनला ‘क’ आता -७२. पाचपैकी पाच फेऱ्यांत फोन जिन्यावरच ‘ग’वर गेला. १४ करूनही पाहिली, तेव्हा पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात -७० च्या आसपास घसरण झाली आणि फोन बसल्या जागी ‘क’-‘ख’ असा झोके घेऊ लागला. परत १७. ‘ग’सुद्धा १७.

२.४ ची शक्ती वेगळी धरावी लागते. मोकळ्या जागेतही २.४ चा सिग्नल ५ पेक्षा सुमारे ७ डीबी जोरात पोचतो, भिंती मध्ये आल्या की फरक आणखी वाढतो. दोन्ही सारख्या शक्तीवर ठेवले तर जिन्यावर फोन ‘ग’च्या ५ वर जाण्याऐवजी ‘क’च्याच २.४ वर उतरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. २.४ तिन्ही नोडवर १० केली.

८ मार्च: वरच्या बदलाचा भुर्दंड

‘क’ची शक्ती कमी केली तो रेडिओ ‘ख’चा बॅकहॉलही वाहतो. ‘ख’वर मोजलेला ‘क’चा सिग्नल -६२ वरून -६८. मागच्या बाजूला वेग निम्म्यावर. एकाच रेडिओवर बॅकहॉल आणि उपकरणं दोन्ही असतील तर प्रत्येक पाकीट हवेत दोनदा जातं, म्हणजे वेग आधीच अर्धा, त्यात हे. शक्ती वाढवली तर जिना बिघडतो, कमी ठेवली तर मागची बाजू. केबल टाकणं हा एकच सरळ मार्ग.

९–१० मार्च: ‘ख’ला केबल

कॅट ६, १८ मीटर, दोन्ही टोकांना भिंतीवरचे सॉकेट आणि तिथून नोडपर्यंत एक मीटरच्या तयार केबली. वळणं केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान त्रिज्येची नकोत. विजेच्या तारांसोबत एकाच पाइपमधून नेली नाही. टेस्टरवर आठही तारा सरळ. जोडणी एक गिगाबिटवर झाली की नाही हे नोडच्या पोर्टच्या पानावर पाहिलं. १०० मेगाबिट दिसलं तर बहुधा चारपैकी एखादी जोडी नीट बसलेली नसते.

केबल लावल्या क्षणी सगळं नेटवर्क आडवं झालं, नोडचे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले. कारण स्पष्ट आहे, तरी दरवेळी फसगत होते: बिनतारी मेश अजून चालू, त्यात केबल. ‘क’-‘ख’ दरम्यान दोन वाटा, दोन्ही एकाच ब्रिजमध्ये, म्हणजे चक्र. ब्रॉडकास्ट पाकिटं फिरतच राहतात. केबल काढली, ‘क’ आणि ‘ख’वरचा मेश इंटरफेस बंद केला, मग केबल परत लावली. ब्रिजवर एसटीपी (चक्र ओळखून एक वाट बंद करणारी सोय) चालू करूनही चक्र तुटतं, पण मग वाहतूक कोणत्या वाटेने जाईल हे वेगळं तपासत बसावं लागतं. जी वाट नको ती बंद करावी.

बॅकहॉल केबलवर गेल्याने ‘ख’ला वेगळं चॅनल देता आलं: ४४. ‘ग’चंही तेच, पण दोघांत स्लॅब आणि घराची पूर्ण लांबी आहे.

१२ मार्च: के, व्ही आणि आर

८०२.११ या वाय-फाय मानकाच्या पुढे लागणारी ही तीन अक्षरं एकाच माळेत ओवून सांगितली जातात. कामं वेगळी आहेत. ‘के’ शेजारच्या नोडची यादी देतो, म्हणजे उपकरणाला सगळी चॅनलं चाळावी लागत नाहीत. ‘व्ही’मधून नोड ‘तिकडे जा’ असं सुचवतो. ‘आर’ जुन्या नोडवरून नव्यावर जाताना सांकेतिक किल्ल्यांची देवाणघेवाण आटोपशीर करतो.

जशी मिळाली तशी स्थिती: ‘के’ बंद, ‘व्ही’ चालू, ‘आर’ चालू, सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र. लिनक्स लॅपटॉपच्या लॉगमध्ये दर फेरीला एकदा तरी जलद हस्तांतर फसून पूर्ण नवी जोडणी. कारण सापडलं: ‘किल्ली नोडवरच तयार करा’ हा पर्याय चालू होता. तो साध्या पासवर्डच्या डब्ल्यूपीए२ ला चालतो, कारण प्रत्येक नोड पासवर्डवरून तीच किल्ली काढू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये किल्ली प्रत्येक जोडणीला नवी बनते, दुसऱ्या नोडला ती पासवर्डवरून काढताच येत नाही. ती नोडनी एकमेकांकडून मागून घ्यावी लागते आणि त्यासाठी वेगळी मांडणी लागते.

‘आर’ने खरंच किती मिळतं ते मोजलं. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए२, पिंगचं अंतर २० मिलिसेकंद. ‘आर’ बंद असताना हस्तांतरात ३ ते ६ पिंग गळतात. चालू असताना, पुनर्जोडणीची मुदत १००० वरून २०००० करून, २ ते ३. पासवर्डच्या नेटवर्कवर फरक एवढाच असतो: आठ फ्रेमच्या जागी चार. ‘आर’चा मोठा फायदा कार्यालयात आहे, जिथे प्रत्येक जोडणीला मागच्या सर्व्हरला विचारावं लागतं. घरी वेळ जातो तो शोधण्यात, किल्ल्यांत नाही.

‘आर’ चालू असताना जुन्या प्रिंटरने जोडायलाच नकार दिला. त्याला जाहिरातीतला नवा किल्ली-प्रकार कळत नाही. ‘आर’ बंद. कायमचा.

‘के’ चालू केला. इथे एक खोच आहे: नुसती खूण केली तर नोड यादीत स्वतःलाच दाखवतो, शेजारी त्याला ठाऊक नसतात. यूस्टीअर (नोडना एकमेकांची माहिती देणारं सॉफ्टवेअर) तिन्ही नोडवर बसवल्यावर याद्या भरल्या. हाताने भरल्या असत्या तर चॅनल बदलेल तेव्हा त्या शिळ्या झाल्या असत्या, आणि शिळी यादी कोऱ्या यादीपेक्षा वाईट, कारण उपकरण रिकाम्या चॅनलवर जाऊन शोधत बसतं.

१४ मार्च: ढकलावं की सुचवावं

यूस्टीअरमध्ये सिग्नल -७५ खाली गेला की उपकरण तोडायचं असं लावून पाहिलं. तासाभरात फोन वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर. तोडलेल्या नोडवर तो लगेच परत येत नाही, आणि दोनतीनदा तसं झालं की नेटवर्कच टाळतो. तोडणं बंद केलं, फक्त ‘व्ही’ची सूचना ठेवली.

सूचनेला मिळणारं उत्तर लॉगमध्ये आकड्याने येतं. ० म्हणजे मान्य. १ म्हणजे नकार, कारण नाही. ७ म्हणजे सुचवलेल्यांत एकही योग्य नोड नाही. अँड्रॉइड फोनकडून सतत ७ येत होता. पाहिलं तर यादीत ‘ग’चं जुनं चॅनल १०० होतं. ‘ग’ रीस्टार्ट केल्यावर उत्तर ०.

१६ मार्च: लॅपटॉपची बाजू

विंडोज, इंटेलचं कार्ड: डिव्हाइस मॅनेजर, कार्डाचे गुणधर्म, प्रगत टॅब, ‘रोमिंग ॲग्रेसिव्हनेस’. पाच पायऱ्या, मुळात मधली. चौथी केली. पाचवीवर लॅपटॉप टेबलावर असतानाही नोड बदलत राहतो.

लिनक्स: डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या (वाय-फाय जोडणारा प्रोग्राम) संरचनेत पार्श्वभूमीतला शोध ‘सिंपल, ३०, -६५, ३००’. म्हणजे सिग्नल -६५ खाली असेल तर दर ३० सेकंदाला शोध, वर असेल तर दर ३०० ला. चालत्या माणसाला ३० सेकंद फार होतात, १० केले. बॅटरीला थोडा चटका बसतो.

१८ मार्च: कॅमेरा आणि प्लग

तक्रार ३. कॅमेरा आणि चार स्मार्ट प्लग फक्त २.४ वाले. प्लगमध्ये ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप, कॅमेऱ्यात ईएसपी३२. या वर्गातली उपकरणं स्वतःहून रोमिंग करत नाहीत. जोडणी तुटेपर्यंत मिळाला तो नोड धरून बसतात. ईएसपी३२ चा मूळ शोध तर ‘जलद’ प्रकारचा असतो: नाव जुळणारा पहिला नोड सापडला की शोध थांबतो, जवळचा कोण ते बघितलंच जात नाही. वीज गेली आणि ‘ख’ उशिरा उठला, की कॅमेरा ‘ग’वर.

प्लगच्या फर्मवेअरमध्ये बीएसएसआयडी बांधायची सोय आहे, पण बांधली नाही. तो नोड बंद पडला तर प्लग बाहेर. कॅमेऱ्याच्या फर्मवेअरमध्ये ‘सगळी चॅनलं शोधा, सिग्नलप्रमाणे निवडा’ हा पर्याय मिळाला, तो चालू केला. प्लगसाठी ‘ख’ आणि ‘क’ उठल्यावर पाच मिनिटांनी ‘ग’चा २.४ रेडिओ एकदा बंद-चालू करणारी ओळ ‘ग’च्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये. ओबडधोबड उपाय आहे, चालतो.

२१ मार्च: जुने वेग

२.४ वर १, २, ५.५ आणि ११ मेगाबिटचे वेग बंद. १ मेगाबिटवर ३०० बाइटचा बीकन हवेत अडीच मिलिसेकंद खातो, आणि इतका हळू बोललेला तो फार लांबपर्यंत कळतो, म्हणून उपकरणं दूरच्या नोडला धरून ठेवतात. किमान वेग आधी १२ ठेवला, एक प्लग गळाला. ६ वर आणला, परत आला.

२४ मार्च: शेवटची फेरी

| उपकरण | फेऱ्या | योग्य नोडवर वेळेत गेलं | सर्वात मोठा खंड |
|---|---|---|---|
| आयफोन | १० | १० | १२० मिलिसेकंद |
| अँड्रॉइड फोन | १० | ९ | ४०० मिलिसेकंद |
| विंडोज लॅपटॉप | १० | १० | १८० मिलिसेकंद |
| लिनक्स लॅपटॉप | १० | ८ | १६० मिलिसेकंद |

लिनक्सच्या दोन चुकलेल्या फेऱ्यांत जिना दहा सेकंदांच्या आत चढून झाला होता, म्हणजे शोधाची पाळीच आली नाही. अँड्रॉइडची एक फेरी परतीची होती: खाली येताना तो मधल्या पायरीवर ‘ग’च्या २.४ वर उतरला. ‘ग’ची २.४ शक्ती १० वरून ८ करून पाहायची आहे, पण वरच्या मागच्या खोलीतला प्लग तेवढ्यावर टिकतो का हे आधी तपासून.

तिन्ही नोडच्या सेटिंगची प्रत उतरवून ठेवली. भिंतीवरच्या कागदावर बीएसएसआयडीशेजारी आता चॅनल आणि शक्तीचे आकडेही लिहिले आहेत.